ओतिलियामावशींचा अबोला

ओतिलियामावशी आमच्या अग्निशमन स्टेशनवर राहायला आल्या तेव्हा त्यांच्याकडे एक शाल होती, पायांत शेजारणीच्या चपला होत्या आणि पोटात मुलाबद्दलचा राग होता. मुलगा म्हणजे आमचा एलिसेओ. त्याच्याशी त्या एक शब्दही बोलत नव्हत्या.

आमच्या वालपराइसो शहराच्या टेकड्यांवर डिसेंबरात, ऐन उन्हाळ्यात, जी आग लागली, तिच्यात त्यांचं घर गेलं. नवऱ्याने बंदरातल्या खोक्यांच्या फळ्या एकेक करून वर वाहून नेल्या होत्या आणि त्यातून ते घर उभं केलं होतं. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला मावशींनी मुलाला फोन केला. "आई, काही घेत बसू नकोस, खाली उतर," एवढंच तो म्हणाला आणि फोन ठेवला. शेजाऱ्यांनी त्यांना हाताला धरून खाली आणलं. त्या वेळी एलिसेओ घळीच्या पलीकडच्या उतारावर दुसऱ्याच कुणाची तरी घरं विझवत होता. मावशींच्या लेखी सगळं भांडण एवढंच होतं.

आम्ही स्वयंसेवक बंबवाले, आमच्यात कुणाला पगार नाही. एलिसेओ बस चालवतो, मी औषधांच्या दुकानात आहे, कप्तान निबाल्दोची बेकरी आहे. भोंगा वाजला की हातातलं टाकून यायचं. घर गेल्यावर एलिसेओ कुठे जाणार, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. निबाल्दोने स्टेशनमधली आपली खोली मावशींसाठी मोकळी केली आणि एलिसेओची खाट वर आमच्या हॉलमध्ये लागली.

तिसऱ्या दिवशी मावशींनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. आम्ही धुतलेली भांडी त्यांनी पुन्हा धुतली. "आग विझवता येते, तवा घासता येत नाही," म्हणाल्या. आम्हाला बरंच वाटलं, कारण तोवर आम्ही निबाल्दोच्या उरलेल्या पावावर आणि चहावर जगत होतो.

पण जेवायला बसलं की पंचाईत व्हायची. माय-लेक समोरासमोर, आणि मध्ये आम्ही.

"यास्ना," मावशी मला म्हणायच्या, "त्या माणसाला विचार, अजून वाढू का."

"एलिसेओ, अजून वाढू का विचारतायत."

"आईला सांग, पुरे."

"पुरे म्हणतोय, मावशी."

"त्याला सांग, काल पण पुरे म्हणाला आणि नंतर चोरून पाव खाल्ला."

निबाल्दो मान खाली घालून हसायचा. एकदा त्याला जोराचा ठसका लागला आणि मावशींनी त्याच्या पाठीत असे दोन धपाटे घातले, की त्यानंतर तो जपून हसू लागला. एलिसेओ मात्र हसत नसे. रोज सकाळी बसवर जायच्या आधी तो आईच्या दाराशी लाकडं रचून ठेवायचा आणि आवाज न करता निघून जायचा.

असे सव्वीस दिवस गेले.

सत्ताविसाव्या दिवशी, रविवारी, मावशींनी शेवया घातलेला राजमा केला होता. ताटं वाढून होतात न होतात तोच भोंगा झाला. बंदराजवळ रंगाचं गोदाम पेटलं होतं. आम्ही घास टाकून पळालो. जाताना मी मागे वळून पाहिलं, तर मावशी एकेका ताटावर दुसरं ताट पालथं घालत होत्या.

गोदामात आत धूर इतका होता की स्वतःचा हात दिसेना. छताचा एक भाग खाली आला. निबाल्दोने बिनतारीवर हाक मारली, "एलिसेओ, उत्तर दे." उत्तर नाही. पुन्हा हाक. तरी नाही. मी दाराशी होते. मग खरखरत आवाज आला, "आहे, आहे. यंत्र पडलं होतं हातातून."

चार तासांनी आम्ही परतलो. मावशी बिनतारीच्या टेबलाजवळ खुर्ची ओढून बसल्या होत्या. स्टेशनमध्ये तो आवाज सगळीकडे ऐकू येतो, हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या उठल्या नाहीत. आम्ही एकेक आत येत होतो आणि त्यांचे ओठ हलत होते. त्या आम्हाला मोजत होत्या. एलिसेओ शेवटी आला, कोपर खरचटलेलं, तोंड काळं. तो थेट हात धुवायला गेला.

मावशींनी मला स्वयंपाकघरात ओढलं.

"त्या दिवशी नळीवर त्याच्या मागे तूच होतीस ना?"

"हो."

"त्याला आपलं घर दिसत होतं?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण त्या बाईसमोर ते जमलं नसतं. "दिसत होतं, मावशी. समोरच होतं."

"मग?"

"आमच्या मागे टेकडीवरून खाली येणारा जिना होता. वरच्या वस्तीतले सगळे त्याच जिन्याने उतरत होते. म्हातारी माणसं, कडेवर मुलं. आम्ही हललो असतो तर आग जिन्यावर आली असती. कप्तानाने त्याला जा म्हणून सांगितलं होतं. तुमची पूर्ण गल्ली उतरली असा निरोप तोवर आला होता, तो ऐकला आणि हा जागचा हलला नाही."

"काही बोलला?"

"मला म्हणाला, माझे डोळे पूस, धुरामुळे दिसत नाही. दोन्ही हात नळीवर होते त्याचे. मी पुसले. पुन्हा म्हणाला, पूस. असं चार-पाच वेळा." मी जरा थांबले. "मावशी, वारा आमच्या पाठीमागून होता. आमच्याकडे धूर नव्हताच."

मावशी चुलीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बराच वेळ राजमा ढवळत होत्या, तो खाली लागायला आला तरी. मग एक ताट वाढून स्वतः बाहेर घेऊन गेल्या.

"एलिसेओ," त्या म्हणाल्या, "गरम आहे. आधी जेव, कोपर नंतर बघते."

एलिसेओने आईकडे पाहिलं. टेबलाशी बसलेला प्रत्येक जण एकदम आपल्या ताटात गुंग झाला.

"आणि माझ्याशी बोलताना पुन्हा फोन आपटलास, तर याद राख."

"नाही आपटणार, आई."

"आपटला नव्हता, ठेवला होता," निबाल्दो पुटपुटला. मावशींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तो पाव कापू लागला.

त्यानंतर दर रविवारी आम्ही टेकडीवर जायचो. मार्चपर्यंत घर उभं राहिलं, दोन खोल्या आणि एक पडवी. उत्तरेकडची भिंत निबाल्दोने एकट्याने केली. तो उत्तम पाव भाजतो. भिंत तिरकी झाली आणि तिच्यातली खिडकी काही केल्या पूर्ण बंद होईना. एलिसेओ पटाशी घेऊन ती खिडकी उतरवायला निघाला, तेव्हा मावशींनी त्याचा हात धरला.

"राहू दे," त्या हळूच म्हणाल्या. "कप्तानाला वाईट वाटेल."

मग त्यांनी जुन्या चादरीची पट्टी फाडली, तिची घडी केली आणि खिडकीच्या फटीत नीट दाबून बसवली.