बेवर झालेला रांजण

मित्रांनो, हुमनाबादेकडे जाणाऱ्या सडकेला एक थोराड लिंब आहे. त्याच्या सावलीत, तीन दगडांवर बसलेला, तोंडाचा टवका उडालेला एक रांजण तुम्हाला दिसेल. तो मी. माझं वय मला मोजता येत नाही. आलो तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि हा लिंब माझ्याहून फार मोठा नव्हता, एवढंच आठवतं.

आपली गोष्ट सांगणाऱ्याला आपल्याबद्दल सगळं ठाऊक असतं, असं तुम्हाला वाटत असेल. माझं तसं नाही. मी कोण, हेच मला कितीतरी दिवस कळत नव्हतं. कुणी मला गुणाचा म्हणे, कुणी गळका म्हणे. दोघांच्याही हातात माझंच पाणी असे.

माझा जन्म ईरण्णा कुंभाराच्या अंगणात झाला. त्यानं तळ्याची माती आणली, तिच्यात गाढवाची वाळकी लीद आणि चाळलेली राख कालवली आणि पायानं खूप तुडवली. इतक्या स्वच्छ मातीत लीद कशाला, हा माझा पहिला प्रश्न. भट्टीत ती लीद जळून गेली आणि तिच्या जागी माझ्या अंगभर बारीक बारीक भोकं राहिली. आता भांडं करायचं आणि त्याला मुद्दाम भोकं ठेवायची, याला काय म्हणावं?

मला विकत घ्यायला श्रीपतराव आले. वडिलांच्या नावानं दर उन्हाळ्यात सडकेवर पाणपोई घालणारे ते गावचे मोठे शेतकरी. त्यांनी मला पाण्यानं भरून ठेवलं, माझ्या पोटावरून हात फिरवला आणि हात ओला झालेला पाहून म्हणाले, "ईरण्णा, ह्यो तर गळायलाय की."

"गळत न्हाई अण्णा. बेवर हाय त्याला," ईरण्णा म्हणाला. तो घरी कानडी बोलायचा, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि दोन्हींची भेसळ झाली तरी त्याला पत्ता नसे. "बेवर हाय म्हणून तर तुमाला द्यायलोय."

श्रीपतरावांना कानडी येत होती. ते हसले आणि मला छकड्यात घातलं. पण छकड्याशेजारी पाणपोईवर नेमलेली बाई उभी होती, तिला कानडीचा गंध नव्हता. ती उदगीरकडची लेक, नागूबाई. पदरात वर्षाची मुलगी, नवरा तापानं गेलेला. पाणपोईवर बसायचं आणि त्याबदल्यात श्रीपतरावांच्या घरचं धान्य आणि गोठ्यालगतची खोली मिळायची, यावर त्या मायलेकींचं चाललेलं. तिनं तो शब्द ऐकला आणि मनात धरून ठेवला. बेवर. काहीतरी आजार असणार. बिचाऱ्याला कुणी घेईना म्हणून आपल्या गळ्यात मारला.

मलाही तसंच वाटलं. मी आजारी रांजण आहे असं समजूनच मी संसाराला लागलो.

पहिला उन्हाळा फार सुखाचा गेला. चैत्राचं ऊन, सडकेवर धुरळा, आणि लिंबाच्या फांदीला झोळी बांधून त्यात नागूबाईची भामी निजलेली. गाडीवाले थांबत, ओंजळ धरत आणि दोन घोट पोटात गेले की डोळे मिटत. बिराप्पा धनगर शेळ्या घेऊन रोज यायचा. तो म्हणायचा, "अक्का, ह्या रांजणात बरफ ठिवतीस का काय? तसंबी बरफ म्या बघितलेला न्हाई म्हणा."

मी काही करत नव्हतो हो. नुसता बसून होतो. विहिरीचं पाणी कोमट यायचं आणि माझ्या पोटात गार व्हायचं. कसं, ते मला विचारू नका. माझं अंग तेवढं सारखं ओलं असायचं आणि माझ्याखाली चिखल व्हायचा.

त्या चिखलाकडे बघून नागूबाईचा जीव तुटायचा. विहीर लांब. एका काखेत भामी, डोईवर घागर. एवढ्या कष्टानं आणलेलं पाणी असं पाझरून जायचं. संध्याकाळी ती पदरानं माझं अंग पुसायची, भामीचं नाक पुसावं तशी. म्हणायची, "लई दुखतंय का रं? बघू, पुढच्या साली तुज्या बेवराला काहीतरी औषध करू."

आणि तिनं केलं. पुढच्या पाडव्याआधी तिनं गेरू कुटला, तो जवसाच्या तेलात खलला आणि मला बाहेरून दोनदा माखलं. दारंखिडक्यांना लावतात तसं. सुकल्यावर मी असा लालभडक चकाकायला लागलो, की लिंबावरचे कावळेही वाकून बघत. अंगावर एक थेंब नाही, खाली चिखल नाही. नागूबाईनं माझी दृष्ट काढली. बरा झालो असं मीसुद्धा मानलं.

पण मित्रांनो, पाणी गार होईना.

सकाळी भरलेलं पाणी दुपारी होतं तसंच, वर उन्हानं आणखी तापलेलं. आधी लोक एकाच घोटावर निघून जात. मग एक दिवस हैदराबादचा एक मोटारवाला थांबला, घोट घेतला आणि तोंडातलं पाणी थुंकून म्हणाला, "पानी हय के चाय, माँ? पत्ती डाल देव, बस." गाडीवाले हसले. नागूबाईनं खाली मान घातली.

मी चक्रावून गेलो. आजारी होतो तेव्हा सगळे वाखाणत होते. बरा झालो तर थुंकायला लागले. हा कसला न्याय?

गावात कुजबुज सुरू झाली. विहिरीचं पाणी तेच, लिंबाची सावली तीच, रांजण तोच. मग बदललं काय? लोकांना उत्तर सापडायला वेळ लागत नाही. बाईच्या हाताचा गुण म्हणाले. ज्या हातानं नवरा राखता आला नाही, त्या हातानं पाणी काय गार राहायचं. शेवटी ते श्रीपतरावांच्या कानावर गेलं. ते वाईट नव्हते, पण वडिलांच्या नावाला बोल लागलेला त्यांना खपत नसे.

ते आले, ओंजळ धरली, एकच घोट घेतला आणि उरलेलं पाणी लिंबाच्या बुडाशी सोडलं.

"नागूबाई, बाबाच्या नावानं लोक तोंड वाकडं करायलेत," ते म्हणाले. "सुधारतंय का बघ. न्हाईतर मला दुसरी बाई बघावी लागंल."

"आन खोली?" नागूबाईनं विचारलं.

"खोली पाणपोईवालीची हाय," ते म्हणाले आणि चालू लागले.

त्या दुपारी ती माझ्याशेजारी भामीला मांडीवर घेऊन बसली होती. रडली नाही. नुसतीच विचारत होती, "कामून रं? काय चुकलं माजं?"

दुसऱ्या दिवशी बिराप्पाच्या एका शेळीनं उपकार केला. पाणी गाळायचं फडकं नागूबाई रोज फांदीवर वाळत घालायची. त्या शेळीनं पुढचे पाय झाडाला टेकले आणि फडक्याची कड खाल्ली.

"बिराप्पा, तुज्या शेळीला गाळलेलं पाणी पुरंना, आता गाळणंबी खायलीय," नागूबाई म्हणाली.

"शिकलेली हाय ती अक्का, गाळून खाती," बिराप्पा म्हणाला आणि शेळीला हुसकलं.

उरलेलं ओलं फडकं शेळ्यांपासून वाचवायला तिनं माझ्याच पोटाला गुंडाळलं. त्यावर ओंजळभर पाणी सांडलं होतं, तेही तसंच राहिलं. वारा सुटला होता. ऊन उतरताना बिराप्पा परत आला, ओंजळ धरली, प्याला आणि थांबला.

"अक्का, आज काय केलीस?"

"काय न्हाई."

"मग गार कामून लागायलंय? लई न्हाई, पण हाय गार."

नागूबाईनं स्वतः चाखून बघितलं. मग तिनं फडक्याला हात लावला. ते जवळजवळ वाळलं होतं. तिनं ते पुन्हा ओलं केलं, गुंडाळलं, बसून राहिली. पुन्हा चाखलं. मग पदराचं टोक भिजवून भामीच्या घामेजल्या कपाळावर ठेवलं आणि वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. भामीनं मजेत डोळे मिटले. नागूबाईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला मात्र काहीच कळत नव्हतं. फडकं बाहेर, पाणी आत. बाहेरच्या ओलीचा आतल्या पाण्याशी काय संबंध?

"बिराप्पा," ती हळूच म्हणाली, "म्या त्याचं औषध न्हाई केलं. म्या तेल माखून त्याच्या अंगाचं तोंड बांधलं."

फडकं सारखं भिजवत बसायचं तर विहिरीच्या खेपा वाढणार. म्हणून ती श्रीपतरावांकडे गेली आणि मला ईरण्णाकडे न्यायला छकडा मागितला. श्रीपतरावांनी खूप वेळ मिशीवरून हात फिरवला. "ने. पण फुटला तर नवा रांजण आन नवी बाई, दोन्ही एकदमच आणतो," म्हणाले.

ईरण्णानं माझी चकाकी बघितली आणि कपाळावर हात मारला. "तेल पाजलंस व्हय गं माय? आता जाळल्याबिगर निघायचं न्हाई. वापरलेलं मडकं हाय. भट्टीत टिकंल न टिकंल, देव जाणे."

मला उन्हात कडकडीत वाळवलं आणि भट्टीत ठेवलं. मित्रांनो, पहिल्यांदा भाजलो तेव्हा मी कच्चा होतो, भीती म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. या वेळी ठाऊक होतं. मी फुटलो तर माझी खापरं होतील, पण त्या मायलेकींचं काय होईल, हे मला तिथं आत, जाळात कळत होतं. तेवढं एक मात्र अगदी स्वच्छ कळत होतं.

बाहेर नागूबाई भामीला घेऊन बसली होती. ईरण्णा भट्टीत जळण सारून मागं सरला. त्याच्या कपाळावरून धारा लागल्या होत्या. त्या हाताच्या पाठीनं निपटून तो म्हणाला, "अब्बब्बा, किती बेवर आलाय बघ."

नागूबाई बघतच राहिली. "काय आलाय म्हणालास?"

"बेवर. ह्ये." त्यानं ओला हात पुढं केला. "तुमी काय म्हणता? घाम."

"घाम," ती म्हणाली. आणि मग भामीला पोटाशी धरून ती हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले. "आन म्या घामाला औषध केलं रं."

भट्टी निवली. तोंडाचा एक टवका उडाला होता. बाकी मी शाबूत होतो.

पाणपोईवर पहिली घागर माझ्यात ओतली तशी ती माझ्याकडे बघत बसली. हळूहळू माझ्या अंगावर ओल आली, मग थेंब आले. तिनं पुसले नाहीत. दुपारी श्रीपतराव आले, ओंजळ धरली, प्याले आणि ओंजळ पुन्हा पुढं केली. तिसऱ्यांदा केली तेव्हा म्हणाले, "काय केलीस गं?"

"काय न्हाई दादा," नागूबाई म्हणाली. "ह्याच्या अंगातनं थोडं पाणी वाऱ्यासंगं जातं. जाणारं पाणी आतली ऊब संगं घिऊन जात असंल. माहेरवाशीण रिकाम्या हातानं जाती व्हय?"

श्रीपतराव हसले. खोलीचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

माझं कोडं अजून संपलेलं नाही बरं का. आषाढात मला गोठ्याशी नेऊन ठेवतात. तिथंही मी घामानं डबडबतो, पण पाणी म्हणावं तसं गार होत नाही. भामी मोठी झाल्यावर तिनं हेच आईला विचारलं. नागूबाई म्हणाली, "चैतात वाऱ्यालाबी तहान असती बाई. आता त्याचं पोट भरलंय." खरं असेल. मला पक्कं सांगता येत नाही.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं. तुमच्या घरच्या माठाला घाम आला तर त्याला रंग फासू नका, तेल पाजू नका. वाऱ्याला ठेवा आणि वरचेवर धुऊन घ्या. आणि एखादा शब्द कळला नाही तर बोलणाऱ्याला तिथल्या तिथं विचारा. आमची एक भट्टी वाचली असती.

कालच भामी तिच्या लेकराला कडेवर घेऊन आली होती. त्यानं माझ्या पोटावर हात ठेवला आणि ओला हात आईला दाखवला.

"काय न्हाई रं राजा," भामी म्हणाली. "बेवर आलाय त्याला. कामात हाय तो."