बियाण्याच्या बटाट्यांची होडी

मित्रांनो, किनाऱ्यावरच्या दगडांत पालथी पडलेली ती जुनी कापडी होडी म्हणजे मी. बेटावर सगळी झाडं खुरटी, म्हणून माझ्या फासळ्या वाकड्यातिकड्या. त्यांवर फुटक्या गलबताचं शीड ताणून शिवलेलं. धुकं उतरलं की मला अजून वाटतं, मी लाटांवरच आहे.

आधी इथे नुसते पक्षी आणि सील राहायचे. मग चार घरं वसली. जहाजांवर हुकूम झेलून विटलेली ती माणसं. त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं, इथे कुणी कुणाला हुकूम सोडायचा नाही. मला ते फार आवडलं होतं.

एका वर्षी उंदरांनी बियाण्याचे बटाटे फस्त केले. नवं बियाणं मिळालं नाही तर बेट सोडायचं, दुसरा इलाजच नव्हता. अशात धुक्यातून एक जहाज दिसलं. बदल्यात द्यायला एक मेंढी आणि अंडी घेऊन पुरुष माझ्यात बसले. समोरून लाट आली. वल्ही मारायची की थांबायचं, सांगणार कोण? सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले आणि मी उलटले. माणसं मला ओढत पोहून आली, मेंढीही आली. अंडी गेली.

"ओबेद, तुला सांगता येत नव्हतं?" सायलस खारं पाणी थुंकत म्हणाला.

"मी कोण सांगणारा? तूच म्हणाला असतास, मोठा आला कप्तान!"

ओबेदची बायको टेम्परन्स ऐकत होती. तिचं पहिलं लेकरू याच मातीत निजलं होतं. त्याला एकटं टाकून जायचं तिच्या जिवावर आलं होतं. झगा खोचून ती माझ्या सुकाणूपाशी बसली.

"जमिनीवर तुम्ही सगळे राजे. पाण्यात मी सांगेन तेव्हाच वल्ही मारायची."

"आणि नाही ऐकलं तर?" सायलसनं विचारलं.

"तर उंदीर भाजून खा."

पुन्हा तशीच लाट आली, पण या वेळी तिच्या हाकेसरशी वल्ही पडली आणि मी लाटेवरून अलगद गेले. तसं सुख मला पुन्हा मिळालं नाही. मेंढीच्या बदल्यात बियाण्याची पोती घेऊन आम्ही परतलो. किनारा लागताच टेम्परन्स उतरली आणि मला ओढायच्या दोराला सर्वांत मागे उभी राहिली.

"सायलस, जरा पाणी आण रे."

"आता जमीन लागली, बाई."

ती हसली आणि स्वतःच पाणी घेऊन आली.

आता माझं कापड विरलंय. पोरं अंगावर उड्या मारतात, मारोत बापडी. वर्षातून एकदा मला सीलचं तेल चोळा, एवढंच मागणं आहे. आणि मित्रांनो, वरच्या वाफ्यात ते बटाटे दर वर्षी उगवतात. त्याच्या कडेला टेम्परन्सचं लेकरू आहे. तिथे हळू खणा.