बोटभर फट

धाकट्याला आईच्या डोळ्यांदेखत तोंडावर पाडायचं, एवढं एकच थोरल्याने बारा वर्षं मनात घोळवलं होतं. का नाही घोळवणार? वडिलांच्या ह्याच जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सचं कवच तेव्हा धाकट्याने फोडलं आणि वडील आल्यावर बेधडक सांगितलं, "दादाने फोडलं." वडिलांनी थोरल्याला गॅरेजबाहेर काढलं. आईनेही धाकट्यावरच विश्वास ठेवला. वडील गेले, पण डाग काही गेला नाही.

आता धाकट्याला कुठूनसं तसंच दुसरं कवच मिळालं होतं. जगात आणखी असेल-नसेल, देव जाणे. आईला एकदा, फक्त एकदा, नवऱ्याच्या गाडीतून चक्कर मारायची होती. पण गिअरबॉक्सचं एवढं धूड एकट्याला उचलेना, तेव्हा साहेबांना दादा आठवला!

"ये रे दादा, जरा हात लाव," धाकटा म्हणाला. जसा काही दादा कालच चहा पिऊन गेला होता.

दोघांनी जॅकवर गिअरबॉक्स चढवला, इंजिनाकडे सरकवला. शाफ्ट क्लच प्लेटमध्ये शिरला आणि अडला. गिअरबॉक्स आणि इंजिनामध्ये बोटभर फट राहिली. थोरल्याने ओळखलं, प्लेट मधोमध बसलेली नाही. खाली उतरवायचं, प्लेट सरळ करायची, अर्ध्या तासाचं काम. पण धाकट्याला जन्मापासून दम कसला तो नाहीच.

"बोल्टने ओढून घेऊ का?" त्याने पाना उचलत विचारलं. "येईल ना?"

नको, कवच फुटेल, हे शब्द थोरल्याच्या ओठांवर आले होते. त्याने ते गिळले. ओढ लेका, ओढ!

"पाना तुझ्या हातात आहे, तू बघ," तो म्हणाला, आणि दाराशी बसलेल्या आईला हाक मारली, "आई, अशी पुढे ये. नीट दिसेल."

धाकट्याने एक बोल्ट आवळला, दुसरा आवळला. तिसऱ्याला कट्‌कन आवाज झाला. कवचाला वीतभर तडा गेला.

थोरला खदखदून हसला. "बघितलंस आई? तेव्हाही अस्संच झालं होतं, ह्याच हातांनी! बोल रे, आज कुणाचं नाव घेतोस?"

धाकट्याचं तोंड एवढंसं झालं. "तेव्हाही मीच फोडलं होतं, आई. बाबांची भीती वाटली."

हुश्श! बारा वर्षांचं ओझं उतरलं. आता आई जवळ घेईल, म्हणून थोरला तिच्याकडे वळला.

आई तड्यावरून बोट फिरवत होती. "फुटणार हे तुला कळलं होतं?"

खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं. "हो."

"तेव्हा तू फोडलं नव्हतंस, कळलं मला," आई म्हणाली. "आज मात्र तूच फोडलंस."

आणि भिंतीला धरत धरत ती आत निघून गेली.