गॅलरीतला शेजारी

"गॅलरीचं दार नुसतं ओढून घेते, कडी लावत नाही," नवऱ्याच्या गुडघ्यांवरची चादर सारखी करत हॅलोबाई म्हणाल्या. "घटकाभराचा तर प्रश्न आहे. मंडळी गेली की लगेच आत घेते तुम्हाला."

नवऱ्याने डावा हात जरासा उचलला. म्हणजे ठीक आहे. पॅरालिसिसचा झटका आल्यापासून त्यांचं उजवं अंग लुळं पडलं होतं आणि बोलणं चार-दोन शब्दांवर आलं होतं. तेही ओठांत घोळून घोळून बाहेर पडायचे.

उमेदीत हा माणूस लिफ्ट मेकॅनिक होता. आजूबाजूचे सगळे त्यांना लिफ्टवालेच म्हणत. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्ट त्यांच्या हाताखालून गेलेल्या, आणि स्वतःचं घर मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. "लोकांना वर चढवायचं काम माझं. मला कोण चढवणार?" असं म्हणत ते दोन-दोन पायऱ्या घेत घरी यायचे. आता तेच जिने त्यांच्या जिवावर उठले होते. दवाखाना सोडला तर खाली उतरणं नाहीच. रस्त्यावरची माणसं त्यांना फक्त वरून, डोक्यांच्या आकाराने माहीत होती. म्हणून हे घर विकून तळमजल्यावरच्या दोन खोल्या घ्यायच्या, असं दोघांनी मिळून ठरवलं होतं.

पण घर काही खपेना. आधी आलेल्या एका कुटुंबातल्या म्हातारीने पलंगावरच्या लिफ्टवाल्यांकडे पाहून पदर तोंडाला लावला आणि स्वयंपाकघर न बघताच जिना उतरली. दुसरे एक गृहस्थ, यांना हे याच घरात आल्यावर झालं का, असं खोदून खोदून विचारत राहिले. शेवटी एजंटने हॅलोबाईंना बाजूला घेऊन समजावलं. माणूस चांगला होता, बोलताना ओशाळला होता. पण घरात आजारी माणूस दिसला की लोकांना घरच आजारी वाटतं, हे त्याचं म्हणणं त्यांना खोडून काढता येईना. तेव्हापासून कुणी यायचं असलं की वॉकर कपाटामागे जायचा, औषधं फ्रीजवरच्या डब्यात जायची, आणि लिफ्टवाले समोरच्या वहिनींकडे. ते कधी कुरकुरले नाहीत. उलट, वहिनींकडे टीव्ही मोठा आहे, असं खुणेने सांगायचे.

आज वहिनी बहिणीच्या ऑपरेशनसाठी गेल्या होत्या आणि त्यांच्या दाराला कुलूप होतं. म्हणून मग गॅलरी.

पाहायला आलेलं जोडपं तरुण होतं. नवरा उत्साही, आल्या आल्या त्याने टेप काढून भिंती मोजायला घेतल्या. बायको अबोल, चष्म्यातून सगळं निरखत हळूहळू फिरणारी. हॅलोबाईंनी घर दाखवलं. सकाळचं ऊन कुठवर येतं, पाण्याचा जोर कसा आहे, कुठल्या खिडकीला पावसात जरा हात द्यावा लागतो. त्या अबोल मुलीने बाथरूममध्ये डोकावून पाहिलं, स्वयंपाकघरातल्या फळ्यांवरून हात फिरवला. घर आवडलंय, हे तिच्या चालण्यावरून कळत होतं. हॅलोबाईंच्या जिवात जीव आला.

"घरात कोण कोण असतं?" टेप गुंडाळत त्याने सहज विचारलं.

"मी एकटीच."

हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं. पण मुलगी तेव्हा भिंतीवरच्या फोटोसमोर उभी होती. दोघांचा फोटो, कुठल्याशा बागेतला, लिफ्टवाल्यांचा हात बाईंच्या खांद्यावर.

"आणि काका?" तिने विचारलं.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हॅलोबाईंची सगळी नोकरी गेली होती. हॅलोबाई हे नावही तिथलंच. साहेब जागेवर नाहीत, लाइन लागत नाही, नंतर फोन करा, हे सगळं ठरावीक गोड आवाजात सांगायचं त्यांच्या जिभेवर पक्कं बसलेलं होतं. त्याच आवाजात त्या म्हणाल्या,

"ते नाहीत आता."

"सॉरी काकू," मुलगी म्हणाली. हॅलोबाईंना आपणच काय बोललो ते कानांनी ऐकू आलं. शब्द परत घ्यायला त्यांनी तोंड उघडलं. पण तोवर तरुण गॅलरीपाशी पोचला होता. त्याने दार ओढलं.

लिफ्टवाले खुर्चीत बसले होते. दाराला अगदी लागून. सगळं ऐकू जाईल इतक्या जवळ.

लिफ्टवाल्यांनी तरुणाकडे पाहिलं, मग त्याच्या पलीकडे उभ्या आपल्या बायकोकडे पाहिलं. मग चेहरा वाकडा करून, एकेक शब्द मोठं ओझं ओढावं तसा ओढत ते म्हणाले,

"समोरचा... शेजारी. हवेला... बसलो."

झटक्यानंतर एवढं लांब वाक्य ते पहिल्यांदाच बोलले होते.

"बसा काका, बसा," तरुण मोकळेपणाने म्हणाला. गॅलरीचा कठडा हलवून बघायला तो पुढे झाला, तेव्हा लिफ्टवाल्यांनी डाव्या हाताने आपला लुळा पाय उचलून त्याला वाट करून दिली. मुलगी उंबऱ्यातच थांबली होती.

मंडळी गेल्यावर हॅलोबाईंनी त्यांना आत घेतलं. ऐकलंत का, असं विचारायची सोय नव्हती, आणि न विचारण्यातही काही अर्थ नव्हता. त्या नुसत्याच चादरीची घडी घालत बसल्या.

"घेणार?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

"घेतील असं वाटतंय."

"चांगलं," ते म्हणाले. खरंच समाधानाने म्हणाले.

जेवताना मात्र त्यांनी बाईंच्या हातातला चमचा काढून घेतला. डाव्या हाताने, सांडत-लवंडत, स्वतःच जेवले. बाई पुसायला पुढे झाल्या तर म्हणाले, "राहू दे." त्यात राग नव्हता. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्या जोडप्याचा होकार आला. वहिनी परतल्या, तेव्हा बाईंनी सगळी हकिकत सांगितली. कुणीतरी आपल्याला चार शब्द सुनवावेत असं त्यांना वाटत होतं. पण वहिनींना हसू आवरेना. भाऊजी अजून हजरजबाबी आहेत, म्हणाल्या. लिफ्टवालेही अर्ध्या तोंडाने हसले. दोघं हसताना पाहून बाई आत निघून गेल्या. आयुष्यभर गावाची बोलणी जुळवून दिली, पण घरातल्या घरात माफीचं एक वाक्य त्यांना जुळवता येईना. त्यांचे पाय चेपताना, दाढी करून देताना ते ओठांवर यायचं, आणि मग त्या पाणी गार आहे का, असलंच काहीतरी विचारायच्या.

घर सोडायच्या दिवशी सामान आधीच खाली गेलं होतं. चार हमालांनी खुर्ची उचलायची तयारी चालवली होती, तेवढ्यात जोडपं किल्ल्या घ्यायला वर आलं. तरुण हमालांना वाट द्यायला बाजूला झाला. बाईंनी किल्ल्या मुलीच्या हातावर ठेवल्या, पण हात मागे घेतला नाही.

"हे माझे मिस्टर," त्या म्हणाल्या. आवाज एक्स्चेंजमधला नव्हता, फाटला होता. "त्या दिवशी मी खोटं बोलले."

तरुण गोंधळला. मुलगी नाही गोंधळली.

"मला माहीत होतं काकू. बाथरूममध्ये दाढीचा ब्रश होता. ओला."

"मग बोलली का नाहीस?"

मुलीने खुर्चीकडे पाहिलं. "काकांना किती त्रास झाला होता ते वाक्य बोलायला," ती हळू आवाजात म्हणाली.

हॅलोबाई नवऱ्याकडे वळल्या. हमालांनी खुर्ची उचलली होती. तोल नीट राहावा म्हणून त्यांनी ती उलटी धरली, लिफ्टवाल्यांचं तोंड वरच्या बाजूला, पाठ उताराकडे. बाई मागोमाग निघाल्या. त्यांची चप्पल सुटत होती, पण त्या थांबल्या नाहीत. प्रत्येक पायरीला त्या त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. आणि ते बाईंच्या खांद्यावरून, मागे उघड्या राहिलेल्या दाराकडे, जिना वळेपर्यंत पाहत राहिले.