बियाण्याच्या शेंगा आणि सातवा भाग

‘काळभिंत’ या कादंबरीमालिकेचा सातवा भाग निघून वर्ष होत आलं, तरी साताऱ्यात आप्पासाहेबांना त्यावर एकच अभिप्राय मिळाला होता. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक एकदा फाटकाशी थांबून म्हणाले होते, "वाचला. या वेळी अक्षर जरा मोठं घेतलंय, ते बरं केलं."

घरातला अभिप्राय धरायचा तर दोन. पत्नी बनाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या होत्या, "पहिल्या भागात तुमचा राजपुत्र सोळा वर्षांचा होता. सात भाग झाले, अजून सोळाचाच. आपण मात्र पेन्शनीत आलो."

आप्पासाहेबांना दोन्ही मतं पटली. त्यांना सगळ्यांचीच मतं पटत. जन्मभर मोजणी खात्यात साखळी ओढून लोकांच्या बांधांची भांडणं ऐकलेला माणूस. दोन्ही बाजू खऱ्या वाटण्याची त्यांना सवयच झाली होती. खोटी बाजू असली तर ती आपली असणार, एवढं ते गृहीत धरून चालत.

मालिका होती एका राज्याची. राज्याला एका अंगाने काळी भिंत होती. भिंतीमुळे सूर्य अडला होता आणि राज्यात सदा अंधार होता. चौथ्या भागात राजपुत्राला उडणारं वाहन हवं होतं. घोडा द्यावा असं आप्पासाहेबांच्या मनात होतं, पण घोड्याचं वागणं त्यांना माहीत नव्हतं. रेडे मात्र त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिले होते. म्हणून त्यांनी पंखांचा रेडा दिला आणि त्याचं नाव मेघ्या ठेवलं. सातव्या भागाच्या शेवटी मेघ्या भिंतीवर झेप घेतो, भिंत फुटते, सूर्य उगवतो आणि मेघ्या मरतो.  मालिकेत आपल्याला साधलेलं हे एवढं एकच पान, असं आप्पासाहेबांना वाटे. मोठ्याने म्हणायची मात्र छाती नव्हती.

सांगलीचे प्रकाशक स्पष्ट बोलणारे होते. "आठवा भाग थांबवू," ते म्हणाले. "तुम्ही थकलात. वाचकही थकले."

"वाचक तसं म्हणतात?"

"वाचक काहीच म्हणत नाहीत. त्यावरूनच कळतं."

तेवढ्यात कवठे महांकाळच्या पलीकडच्या एका गावातून लालासाहेब नावाच्या बागाईतदाराचं कार्ड आलं. बागाईत म्हणजे एक विहीर आणि तिच्यावर मोठी आशा. आमच्याकडे तुमच्या सातव्या भागाची फार चर्चा आहे, एकदा येऊन लोकांची मतं ऐकून जावीत, असं त्यात होतं. आप्पासाहेबांनी मनाशी ठरवलं, जायचं. तिथेही लोक अक्षराच्या आकारावरच बोलले, तर आठवा भाग लिहायचा नाही. टोपण लावून पेन कपाटात. आणि काही बोलले, तर लिहायचा. इतकं स्पष्ट त्यांनी आयुष्यात फार थोड्या वेळा ठरवलं होतं.

सांगलीत एसटी बदलून, मिरजेवरून ते दुपारी गावात उतरले. वैशाखाचं ऊन होतं. दुष्काळाची कामं संपून दोन वर्षं झाली होती, पण खडी फोडलेले ढीग रस्त्याच्या कडेला अजून तसेच होते.

लालासाहेबांच्या घरी पुढच्या सोप्यात चाळीसेक माणसं बसली होती, निम्म्याहून जास्त बाया. प्रत्येकीपुढे भुईमुगाच्या शेंगांचा ढीग. पेरणीचं बियाणं हातानेच फोडावं लागतं, यंत्रात दाणा दुभंगतो. कोपऱ्यात खुर्चीवर एक ताठ म्हातारा बसला होता. मिशा पांढऱ्या, बूट चकचकीत. लालासाहेबांनी ओळख करून दिली, "हे हंबीरराव. फौजेत हवालदार होते. आमच्याकडे वाचन हेच करतात."

"वाचन?"

"म्हणजे असं बघा. बायका बियाणं फोडायला बसल्या की निम्मे दाणे तोंडात. ओरडून उपयोग नाही. मग मी हंबीररावांना पुस्तक घेऊन बसवलं. ऐकण्यात जीव गुंतला की माणूस खायचं विसरतो. गोष्ट पडली की शेंगा संपतात." लालासाहेब कानाशी येऊन हळूच म्हणाले, "मला काय, वाचनातलं कळत नाही. पण मी माप घालतो. पाचव्या भागाला लय तूट आली. सहाव्याला बरी होती. सातव्याला दाणा हलला नाही."

आप्पासाहेबांना आयुष्यात इतका सविस्तर अभिप्राय कुणी दिला नव्हता. ते घोंगडीच्या कडेवर बसले. कुणीतरी त्यांच्याही पुढ्यात मूठभर शेंगा ठेवल्या.

"बोला गं," लालासाहेब म्हणाले. "लेखक आलेत. लाजू नका."

"लाजायचं काय त्यात?" राहीबाई म्हणाल्या. त्या सगळ्यांत वडील, आणि त्यांचे हात सगळ्यांत वेगानं चालत होते. "आवं आप्पासाहेब, सातवा भाग लय ग्वाड हाय. आदीचं सा म्हंजे नुसती पळापळ. त्यो राजपुत्र पळतोय, त्यो मांत्रिक पळतोय. सातव्यात कुटं जिवाला बरं वाटलं."

"कोणत्या जागी?" आप्पासाहेबांनी पुढे सरकून विचारलं.

"शेवटाला की! मेघ्याला पेन्शन मिळती तितं."

आप्पासाहेबांनी मान डोलावली. मान डोलावून झाल्यावर त्यांना प्रश्न पडला की पेन्शन कुठली.

"मला त्ये तळं आवडलं," रंगुबाई म्हणाल्या. "भित्तीच्या मागं एवढं पानी. आन् त्यात म्हशी बसल्यात."

"म्हशी किती हुत्या त्यावरनं आमचं भांडान झालंया," बिराप्पा म्हणाला. तो बाजारचा दलाल होता, पायरीवर बसून तंबाखू मळत होता. "ही म्हनती दोन, मी म्हनतो कळप हुता. आता तुमीच सांगा, लिवलंय कुनी?"

आप्पासाहेब म्हणाले, "कळपच असावा."

"ऐकलं का?" बिराप्पा रंगुबाईंकडे वळला.

"त्येंनी ‘असावा’ म्हनलंय. त्येन्ला तरी कुटं आटवतंय!"

हे मात्र खरं होतं. आप्पासाहेबांना तळं आठवत नव्हतं. पण न आठवणं ही त्यांच्याबाबतीत नवी गोष्ट नव्हती. पहिल्या खर्ड्यात लिहून गेलो असेन, त्यांनी विचार केला. चाळीस माणसं एक सांगतात आणि आपण एकटे वेगळं म्हणतो, तर चूक कुणाची?

"पण सूर्य?" त्यांनी चाचरत विचारलं. "सूर्य उगवतो, ते कसं वाटलं?"

 बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

"सूर्याचं काय न्हवतं बा," राहीबाई म्हणाल्या. "आन् कशाला असंल? हितं काय सूर्य कमी हाय?"

सगळे हसले. आप्पासाहेबही हसले. कोपऱ्यात हंबीरराव तेवढे हसले नाहीत. ते मान ताठ ठेवून समोरच्या खांबाकडे बघत होते आणि त्यांच्या कानामागून घाम ओघळत होता.

लालासाहेबांनी गावाची प्रत सहीसाठी पुढे केली. पहिल्या पानावर सही करणं आप्पासाहेबांना उद्धटपणाचं वाटे. म्हणून त्यांनी शेवटचं पान काढलं. तिथे मजकूर असा होता: ‘मेघ्याने पंख पसरले, मान खाली घातली आणि’. त्यापुढे मागचा पुठ्ठा. बांधणाऱ्याकडून शेवटची सोळा पानं शिवायचीच राहून गेली होती.

आप्पासाहेबांनी हळूच वर पाहिलं. हंबीरराव आता त्यांच्याकडेच बघत होते, रजेशिवाय घरी सापडलेल्या शिपायासारखे.

म्हणजे असं झालं होतं तर. चाळीस माणसं तोंड उघडून बसलेली, आणि हवालदार ‘आणि’पाशी येऊन उभे. पुढे पान नाही. मागे फिरायची फौजेत शिकवण नाही.

आप्पासाहेबांनी ‘आणि’च्या खाली सही केली.

आता खरं तर त्यांचं काम झालं होतं. गावाला आवडलं ते त्यांचं नव्हतं. जे त्यांचं होतं ते गावाने ऐकलंच नव्हतं. निकाल लागला होता, पेन कपाटात. पण राहीबाई म्हणाल्या, "आप्पासाहेब, त्यो शेवट एकडाव तुमच्या तोंडनं ऐकवा की. हवालदार वाचत्यात, पर लिवनाऱ्याचं येगळं."

"व्हय, व्हय!" सगळे म्हणाले.

पिशवीत त्यांची स्वतःची प्रत होती, पूर्ण. ती काढताना त्यांना दोन वाटा दिसल्या. मनाने काहीतरी तळ्याबिळ्याचं जुळवावं, ही एक. पण न लिहिलेलं बोलणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. दुसरी वाट म्हणजे आहे ते वाचावं. आणि खोल कुठेतरी एक हावही होती. ते पान एकदा, एकदाच, कुणीतरी ऐकावं. मग काय म्हणायचं ते म्हणू दे.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. "मेघ्याने पंख पसरले, मान खाली घातली आणि भिंतीवर झेप घेतली. पहिल्या धडकेत त्याचं शिंग मोडलं. दुसऱ्या धडकेत भिंतीला तडा गेला..."

त्यांनी मान वर केली नाही. तिसऱ्या धडकेपर्यंत सोप्यात चिडीचूप होतं. मग मेघ्याच्या नाकातून रक्त आलं, आणि त्याच वेळी कुठूनतरी बारीक आवाज आला. कट्. मग आणखी एक. मग चावण्याचा. मेघ्याने शेवटचा श्वास घेतला तेव्हा सोप्यात जात्यासारखी घरघर चालू होती. दाराशी उभे असलेले लालासाहेब ढिगांकडे बघून अस्वस्थ झाले होते.

आप्पासाहेब थांबले.

"आवं, तुमी दमलाय उनातनं येऊन," रंगुबाई मायेने म्हणाल्या. "च्या घ्या. तुमचं वाचताना कायतरी चुकतंया. त्यो मरत न्हाई."

"चष्म्याचा नंबर बदला," बिराप्पा म्हणाला.

तेव्हा हंबीरराव खुर्चीवरून उठले. बूट जुळवून उभे राहिले. "मंडळी, आप्पासाहेब तुमची परीक्षा बघाय लागलेत," ते म्हणाले. "तुमी नीट ऐकलंय का झोपला हुता, त्ये."

सोप्यात हशा पिकला. "आमास्नी फसवतायसा व्हय!" राहीबाईंनी आप्पासाहेबांवर एक टरफल फेकलं. "लबाड हायसा!" आप्पासाहेबांना आजवर कुणी लबाड म्हटलं नव्हतं. त्यांना ते फार वाईट वाटलं नाही.

हंबीररावांनी त्यांच्या हातातलं पुस्तक घेतलं. पण लगेच सुरुवात केली नाही. ‘आणि’च्या पुढचं पान ते पहिल्यांदाच बघत होते. ते मनात वाचत राहिले. पान उलटलं. पुढचंही वाचलं. मिशीचं टोक जरा हललं. लोक वाट बघत होते. मग त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि डोळे पानावर ठेवूनच म्हणायला लागले:

"आनि मेघ्यानं डावीकडनं वळसा घेतला. समोरनं भित्तीवर जायाचं म्हंजे दुश्मनाच्या मनासारखं करायचं. त्यो भिंत संपंपर्यंत उडत ऱ्हायला. पल्याड पानी हुतं. नजर पोचंल तितवर पानी. राजपुत्र खाली उतरला. त्येनं मेघ्याच्या पाठीवरनं खोगीर काडलं, कपाळावर हात ठिवला आन् म्हनाला, मेघ्या, तुजी नोकरी झाली. हितनं फुडं तुजी वैरन सरकारातनं..."

चाळीस माणसांचे हात थांबले होते. आप्पासाहेबांनी पाहिलं, त्यांच्या स्वतःच्या मुठीतही एक शेंग तशीच राहिली होती. ती फोडायची त्यांना आठवण राहिली नव्हती. ‘कपाळावर हात ठेवला’ हे आपल्याला सात भागांत एकदाही सुचलं नाही, एवढं त्यांच्या मनात येऊन गेलं.

संध्याकाळच्या एसटीला हंबीरराव सोडायला आले. 

"खरंच मरतो व्हय त्यो?" हंबीररावांनी विचारलं.

"हो."

"मला ठावं न्हवतं. मला वाटलं, लिवनाऱ्यानं मुद्दाम आमच्यावर सोडलंया." ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "तुमी लिवलंय त्ये खरं हाय बगा. शिंग मोडायचं तर अगदी खरं. मी असं जातानं लय जनं बघितल्यात. पर दुपारचं, बायाबापड्यांत, मला वाचाय जमलं नसतं." मग एकदम घाईघाईने, "आन् एक सांगतो. पान्याचं माजं न्हवं बरं का. मी ‘आनि’ म्हनून अडलो, तवा राहीबाई मदीच म्हनाली, पानी दिसलं असंल. मी नुसतं धरलं."

"चांगलं धरलंत," आप्पासाहेब म्हणाले.

"आटवा भाग कवा?"

"आठव्यात मेघ्या कसा येणार? तो मेला ना."

"कुटं मेलाय?" हंबीरराव म्हणाले. "चाळीस जनांनी बघितलाय त्येला."

एसटी आली. आप्पासाहेब त्या रात्री सांगलीत मुक्कामाला राहिले आणि सकाळी प्रकाशकांच्या दुकानी गेले.

"सातव्या भागाच्या न बांधलेल्या प्रती किती आहेत?"

"पुष्कळ," प्रकाशक म्हणाले. "का, विकत घेताय?"

"त्यांना शेवटची सोळा पानं लावू नका."

प्रकाशकांनी चष्मा काढला. "आप्पासाहेब, पुस्तक वाक्यात तुटेल."

"‘आणि’वर तुटेल."

"लोक भांडायला येतील!"

"येऊ देत," आप्पासाहेब म्हणाले. "एवढ्यात कोण आलंय?"

प्रकाशकांनी चष्मा परत लावला. मग नोकराला हाक मारून म्हणाले, "चहा सांग रे दोन." आणि चहा येईपर्यंत, सहज विचारावं तसं, "आठवा साधारण कधी देताय?"

घरी आल्यावर आप्पासाहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि पहिलं वाक्य लिहिलं: ‘पलीकडे पाणी होतं.’ हे वाक्य आपलं नाही, अशी शंका येऊन त्यांनी ते खोडलं. नसलं तर नसलं, असं म्हणून पुन्हा लिहिलं.

बनाबाई मागून डोकावल्या. "आता तरी मोठा केला का राजपुत्र?"

"यात राजपुत्र नाही," आप्पासाहेब म्हणाले. "रेडा आहे. सेवानिवृत्त."