हासोल खाडीचा घास

मी जबडा बोलतोय.

नुसता जबडा. मागं डोकं नाही, आत जीभ नाही, पोट तर नावालाच. दोन पोलादी सुपल्या समोरासमोर जोडायच्या, वर दोन दणकट स्प्रिंगा बसवायच्या, की झालो मी तयार. मला तोंड उघडं ठेवून दोरीनं पाण्यात सोडतात. तळाला टेकलो की त्याच दोरीवरून एक पितळी वजन खाली सोडतात. त्याला विभागात ‘निरोप्या’ म्हणतात. निरोप्या टणकन डोक्यावर आदळला (डोकं नाही म्हणालो खरं, पण आदळतो तो डोक्यावरच) की माझी कडी सुटते आणि मी तळाचा एक घास घेऊन मिटतो. मग मला वर ओढायचं, घास चाळणीवर धुवायचा आणि काय वळवळतंय ते बघायचं. कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आमच्या विद्यापीठात पर्यावरण विभागातली निम्मी माणसं अशी माझ्या तोंडचं खाऊन डॉक्टर झाली आहेत.

माझा जन्म बंदरामागच्या गल्लीतला. जोडकाम करणाऱ्यानं मला घडवलं आणि पहिल्याच चाचणीत मी त्याच्या बुटाचं टोक खाल्लं. तो शिव्या देत म्हणाला, “हा चावेल!” माझ्या आयुष्यातलं पहिलं प्रशस्तिपत्र ते.

विभागात आलो तेव्हा माझी पूजा झाली. हसऱ्या तोंडाचं उकडलेलं डुकराचं मुंडकं मांडलं, माझ्यावर तांदळाची दारू शिंपडली आणि मोठमोठ्या पदव्या घेतलेली माणसं ओळीनं गुडघे टेकून त्या मुंडक्याला नमस्कार करू लागली. त्यांच्यात प्यो इन-सुक नावाच्या एक नव्या प्राध्यापक होत्या. नमस्कार करून उठताना त्या पुटपुटल्या, “डुकरा, बाकी काही नको. जे असेल तेच वर येऊ दे.” इतर सगळे बढती नि निरोगी आयुष्य मागत होते. तेव्हाच मी ओळखलं, या बाईंशी आपलं जमणार.

आणि जमलंही. मी काय काय नाही पाहिलं बाईंबरोबर! एकदा मी एवढा मोठा घास घेतला की त्या दिवशी भरती अर्धा तास उशिरा आली. खोटं वाटत असेल तर नाववाल्या मोक काकांना विचारा. ते नाही म्हणतील, कारण ते तेव्हा सुकाणूवर मान टाकून घोरत होते. एकदा एका ऑक्टोपसनं माझ्या पोटात संसार थाटला. त्याला बाहेर काढलं, तर जाता जाता त्यानं निरोप्याची गाठ सोडली आणि निरोप्याला घेऊन पसार झाला. दुसरा निरोप्या मागवावा लागला. गप्पा मारताना मी असाच आहे, हात आखडता घेत नाही. चिखलात उतरलो की मात्र जे आहे तेच उचलतो. तिथं थापा चालत नाहीत.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

हासोल खाडीच्या तोंडाशी एक बांध घातला गेला. त्याआधी ओहोटीला तिथं मैलभर चिखल उघडा पडायचा आणि गावच्या बायका टोपल्या घेऊन पेकहाप वेचायच्या. पेकहाप म्हणजे मुठीएवढा, गुळगुळीत, टपोरा शिंपला. बांधानंतर पाणी उतरायचं थांबलं. चिखल कायमचा बुडाला, वरून काळा पडला, वास मारू लागला. वेचायला जायची सोयच उरली नाही. बायका डोंगराकडच्या कांद्याच्या शेतात कामाला लागल्या आणि सगळे म्हणू लागले, पेकहाप मेले.

मग खाडी भरून टाकायची योजना आली. तिथं कारखान्यांसाठी जमीन करायची होती. भराव टाकण्याआधी तळ जिवंत आहे की मेलेला, हे विद्यापीठानं सांगायचं ठरलं आणि ते काम आमच्या विभागाकडे आलं. दर पाहणीत मी उतरलो, दर पाहणीत चाळणीवर चार-दोन किडे सोडले तर काही राहिलं नाही. शेवटची पाहणी तेवढी बाकी होती. ती झाली की प्यो बाईंनी ‘तळ मृत’ या दोन शब्दांखाली सही करायची आणि सोमवारी कागद भरावाला परवानगी देणाऱ्या समितीकडे जायचा. बाईंची सही झाली की खाडी संपली.

त्या सकाळी नावेवर चौघं होती. सुकाणूवर मोक काका. दोरीवर सेबिन, बाईंच्या हाताखाली डॉक्टरेट करणारी, दंडात भलती ताकद असलेली मुलगी. चाळणीपाशी बाई. आणि वाळवलेला माकूल मासा चघळत बसलेले गुक सर, शिकत असताना बाईंहून एक वर्ष वरच्या वर्गात असलेले, आता शेजारच्या खोलीत बसणारे.

“गुक सर, नुसतं चघळताय काय? दोरी धरा की,” बाई म्हणाल्या.

“मी देखरेख करतोय.”

“कशावर? माकुलावर?”

पहिल्या जागेला मी उतरलो. निरोप्या आला, मी कचकन चावलो आणि दातांत काहीतरी कठीण अडकलं. वर आलो तो तोंड अर्धवट उघडं. फटीतून काळं पाणी गळतंय.

“बाद!” गुक सर ओरडले.

हा विभागाचा जुना नियम. जबडा पुरता मिटलेला नसेल तर वर येता येता अर्धा चिखल वाहून जातो, मग मोजणी खोटी ठरते. म्हणून तसा घास नावेवर घ्यायचाच नाही. बाहेरच झटकायचा आणि हातभर सरकून पुन्हा टाकायचा. नियम वाईट नाही. कुणा शहाण्यानंच केला असणार. सेबिननं मला कठड्याबाहेर दोन झटके दिले, दातांतलं गुबकन पाण्यात पडलं. “कवच असेल जुनं,” ती म्हणाली. तळाला मेलेल्या शिंपल्यांची रिकामी कवचं खच्चून भरली आहेत, हे सगळ्यांना माहीत होतं.

पुन्हा टाकलं, पुन्हा अडकलं, पुन्हा बाद. तिसऱ्यांदा मऊ चिखल मिळाला, मी छान मिटलो. “शाबास!” सगळे म्हणाले. चाळणीवर एक किडा निघाला.

आता तुम्हीच सांगा. माझ्या दातांत काय अडकत होतं ते मला कळत नव्हतं का? मेलेलं कवच दाबलं की कुरकुरतं, फुटतं. हे फुटत नव्हतं. आतून घट्ट मिटून घेत होतं, माझ्याशी जोर लावत होतं. पण तोंडात घास असताना बोलणार कसं? आणि घास गेल्यावर ऐकणार कोण?

दुपारी किंबापचे, म्हणजे समुद्रशेवाळात गुंडाळलेल्या भाताचे, तुकडे आणि जवाचा चहा झाला. वारं वाढलं. बांधाच्या कोपऱ्याजवळच्या जागी मी उतरलो आणि तेच, तसंच, घट्ट. त्या क्षणी मी ठरवलं. बस झालं. आता सोडायचं नाही.

सेबिननं झटकलं. मी धरून ठेवलं. तिनं कठड्यावर आपटलं. मी धरून ठेवलं. मोक काकांनी वल्ह्यानं ढोसलं, गुक सरांनी लाथ घातली. पुढं ते बराच वेळ एका पायावर उड्या मारत होते.

“आणा आत,” बाई वैतागून म्हणाल्या. “पान्यानं उघडू.”

पाणी गळत मी फळीवर आडवा झालो. बाई चष्मा कपाळावरून खाली घेऊन माझ्या फटीत डोकावल्या आणि आतून बारीकशी पिचकारी आली, थेट त्यांच्या भिंगावर.

सेबिन दोरी सोडून पुढं वाकली.

“हे,” सेबिन हळूच म्हणाली, “मेलेलं कवच पिचकारी मारतं का हो, बाई?”

बाईंनी पान्यानं माझे दात उघडले. तळहातावर पेकहाप आला. बोट लावताच त्यानं पांढरा पाय आत ओढला आणि खटकन दार लावून घेतलं.

“एक आहे,” गुक सर पाय चोळत म्हणाले. “एकानं काय होतं? शिवाय हा घास बाद आहे.”

बाईंनी चष्मा पुसला नाही. थेंब तसेच ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, “सेबिन, आज आपण कितीदा झटकलं?”

“मोजलं नाही. बाद घास कोण मोजतं?”

“तेच तर.” बाईंनी पाना माझ्या दातांवर टेकवला. “अहो गुक सर, जिथं मोठा शिंपला असतो तिथंच जबडा अडकतो. अडकला की आपण बाद म्हणतो, फेकतो आणि शिंपला नसलेली जागा सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा टाकतो. मग लिहितो, शिंपले नाहीत!”

गुक सरांच्या तोंडातला माकूल तसाच राहिला. ते म्हणाले, “म्हणजे मागच्या सगळ्या पाहण्या...”

“चुकल्या.”

“आणि त्यावरचे आपले निबंध? माझ्या दोन विद्यार्थ्यांच्या पदव्या? प्यो बाई, डोकं ठिकाणावर ठेवा. सगळा विभाग तोंडघशी पडेल.”

“पडू की. चिखल मऊ असतो.”

“मी नाही येणार यात.”

“नका येऊ. सोमवारच्या आत मी सगळ्या जागा पुन्हा घेणार. तोंड मिटलेलं असो की उघडं, जे वर येईल ते नावेत येईल.”

“गळतं त्याचं काय?”

“खाली घमेलं धरीन.”

घमेलं म्हणजे साधंसुधं नव्हे. ते दिवस घरोघरी वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचे. दुसऱ्या सकाळी बाईंनी मीठ लावलेला कोबी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उपसून ठेवला आणि न्हाणीएवढं लाल रबरी घमेलं उचलून धक्क्यावर आल्या. मागून सेबिन आली. मोक काका म्हणाले, “वाऱ्याचं लक्षण बरं नाही, बाई.”

“मग लवकर निघू.”

नाव सुटणार इतक्यात धक्क्यावरून आरोळी आली. गुक सर लंगडत येत होते, डोक्यावर तसंच लाल घमेलं पालथं घेऊन.

“येणार नव्हता ना?” बाई म्हणाल्या.

“देखरेख नको का कुणाची?”

“घरी सांगितलंत?”

“नाही. कोबी अंघोळीच्या टबात टाकलाय. पाहणी खोटी ठरली तर विद्यापीठ ठेवणार नाही, खरी ठरली तरी बायको ठेवणार नाही. निघा आता.”

त्या दिवशी मी जेवलो! प्रत्येक जागी चावलो, प्रत्येक वेळी आत घेतला गेलो. कुठं मिटून आलो, कुठं अर्धवट. अर्धवट आलो की खाली घमेलं, आणि घमेल्यात टपकन पेकहाप. कधी एक, कधी जोडी. गुक सर आधी प्रत्येकाला “अपवाद” म्हणत होते. मग त्यांनी अपवाद म्हणायचं सोडलं. मग चघळायचं सोडलं. शेवटी बाह्या सरसावून ते दोरीला आले.

शेवटची जागा बांधाच्या अगदी आतल्या टोकाला. सगळ्यांत काळी, सगळ्यांत घाण. तिथं कुणी किड्याचीही आशा धरली नव्हती. मी चावलो, तो एका बाजूनं शिंपले आणि दुसऱ्या बाजूनं कुठल्याशा जुन्या जाळ्याचा खुंट. रुतलो. वर नावेला वाऱ्यानं झोडपायला सुरुवात केली, दोरी ताणली, नाव कलली.

“दोरी कापतो!” मोक काकांनी सुरी काढली.

“हात लावून बघा!” बाई एवढ्या मोठ्यानं कधी बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या. “मोक काका, नाव वाऱ्याकडे वळवा. सेबिन, दोरी खुंटीला एक वेढा. गुक सर, ओढा!”

“ओढतोच आहे!”

“देखरेख करताय! ओढा!”

नाव वळली. तिघांनी एकदम जोर केला. माझी बिजागरी वाकली, कळ थेट स्प्रिंगेपर्यंत गेली. सोडून दिलं असतं तर सुटलो असतो. नाही सोडलं. खुंट तुटला आणि मी वर आलो, वाकडा, खुंटाचं लाकूड एका दाढेत नि चिखलाचा गोळा दुसरीत. घमेल्यात गोळा फुटला. तीन म्हातारे पेकहाप, आणि त्यांच्याभोवती नखाएवढी पिल्लं. पिल्लं! म्हणजे बांध घातल्यावर, त्या काळ्या पाण्यातसुद्धा, खाली संसार चालू होता.

सेबिन रडली की पाणी उडालं, सांगता येत नाही. बाईंनी सगळे पुन्हा जागच्या जागी पाण्यात सोडले.

सोमवारी कागद गेला. त्यावरचं ‘तळ मृत’ खोडलेलं होतं. त्या जागी बाईंनी लिहिलं, ‘तळ जिवंत आहे. शिंपले किती, ते सांगता येत नाही. आजवरची आमची रीत चुकीची होती.’ खाली सही. गुक सरांनी तो कागद खिडकीशी नेऊन दोनदा वाचला. मग त्यांनी बाईंच्या सहीखाली आपली सही केली आणि म्हणाले, “अक्षर काय पण तुमचं, प्यो बाई. मेलेल्या किड्यासारखं.”

समितीला पटलेलं नाही. भराववाल्यांचे लोक म्हणतात, विद्यापीठाची माणसं काल एक बोलतात, आज एक. शिंपले नावेत घालूनच नेले नसतील कशावरून? शेवटी ठरलं असं की समिती स्वतः येणार, नावेत बसणार, डोळ्यांनी बघणार. तोवर भराव थांबला आहे. थांबला आहे, रद्द झालेला नाही.

विभागात नवा जबडा आला आहे. चकचकीत, माझ्याहून जड. मला काचेच्या कपाटात ठेवावं, खाली पाटी लावावी, असं कुणीतरी सुचवलं. बाई म्हणाल्या, “ज्यानं पकडलं त्यालाच उतरवायचं.” आत्ता मी प्रयोगशाळेच्या फरशीवर पालथा पडलो आहे. बाई गुडघे टेकून हातोडीनं माझी बिजागरी सरळ करताहेत, सेबिननं मला धरलंय आणि गुक सर देखरेख करताहेत. दुखतंय. ठोका, बाई, ठोका.

समितीच्या मंडळींनो, या. गरम कपडे घालून या, हासोलचं वारं बोचरं असतं. मी भरतीला उशीर करीन, नावेखालून देवमासा उचलून आणीन, असलं काही सांगणार नाही. खाली जाईन, चावीन आणि असेल ते घेऊन येईन. फक्त तोंड उघडं घेऊन आलो तर मला झटकू नका. वाका आणि आत बघा.