दहा आजारी आया आणि एक बाप

माणसाला कामावरून काढलं तर तो चिडतो, रडतो, निदान दार तरी आपटतो. आमचा समाधान केक घेऊन घरी आला.

२००९ सालचा फेब्रुवारी, शुक्रवारची संध्याकाळ. विश्रांतवाडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी भाकरी थापत होते. पोरगा आला, बूट जागेवर ठेवले, तिथंच मला शंका यायला हवी होती, आणि पुठ्ठ्याचं खोकं पुढं केलं.

"आई, केक. ऑफिसात सेंड-ऑफ होता."

"कुणाचा?"

"माझाच," म्हणाला, आणि हसला. "म्हणजे आमचा, अकरा जणांचा. एचआरच्या अस्मिता मॅडमनी फार छान समजावून सांगितलं. मी थँक्यू म्हणालो त्यांना."

थँक्यू! पोटावर पाय दिला त्याला थँक्यू! मी म्हटलं, "त्यांच्या पायाला काही लागलं नाही ना, तेही विचारून यायचंस."

आमचे तात्याराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यात पस्तीस वर्षं लेथवर होते, आणि तेवढीच वर्षं लाल बावट्याखाली. भांडवलशाहीवर संकट येणार, हे ते आमच्या लग्नाच्या आधीपासून सांगत आलेत. शेवटी एकदाचं संकट आलं, थेट आमच्या दारात आलं, तेव्हा हे अंघोळीला गेले होते. पोराची बातमी ऐकून पंचा गुंडाळून बाहेर आले आणि बनियन घालायच्या आधीच सुरू झाले. अमेरिकेतल्या बँकांनी ऐपत नसलेल्यांना घरं घ्यायला कर्जं दिली, मग ती कर्जं एकमेकांना विकली, मग सगळा डोलारा खाली आला. "अगं, हे वित्त भांडवलाचं अरिष्ट आहे!" डोळ्यांत अशी चमक, की पोरगा इंजिनियर झाला त्या दिवशीही नव्हती.

"म्हणजे तिकडं कुणीतरी बकाबका गिळलं आणि ठसका आपल्या पोराला लागला."

"अगदी शास्त्रशुद्ध बोललीस!"

"ठसक्याला शास्त्र लागत नाही, पाणी लागतं. बनियन घाला."

मग हळूहळू पोराच्या तोंडून सगळं बाहेर आलं. कंपनी त्यांना काढत नव्हती. छे! कंपनी कुणाला काढत नाही. या अकरा जणांनी आपण होऊन राजीनामा द्यायचा होता. छापलेला कागद मिळाला होता, सोमवारी सकाळी दहाला सही करून द्यायचा. नाही दिला तर अनुभवाचं पत्र मिळणार नाही, आणि ते नसलं तर दुसरी कंपनी दारात उभं करणार नाही.

"काढायचं त्यांनी आणि सोडायचं तू?"

"प्रोफेशनल जगात असंच असतं, आई. तुमच्यासारखं नसतं. आम्ही कामगार नाही."

कामगार नाही म्हणे! सहा वर्षं गळ्यात पट्टा अडकवून हा हिंजवडीला जातो. पट्टा मशीनला दाखवला नाही तर दार उघडत नाही. अमेरिका उठली की हा उठतो. आमच्या कारखान्याचा भोंगा वाजला की आम्ही सुटायचो तरी. याचा भोंगा खिशात असतो, जेवतानाही वाजतो.

मी दुसरी पास. तिसरीत बसले तेव्हा आईनं धाकटा भाऊ मांडीवर दिला, शाळा संपली. पण पिंपरीला औषधाच्या कारखान्यात तेवीस वर्षं गोळ्यांची पाकिटं भरली आणि कागद कसा वाचायचा ते तिथं शिकले. आमच्या पॅकिंग खात्यात बेचाळीस बायका, वाचता येणाऱ्या तीन. एकदा मालकाच्या कारकुनानं करार वाचून दाखवला. आमची कौशल्या त्याच्या शेजारी उभी होती. वाचता येत नव्हतं, पण ती म्हणाली, "साहेब, कागदावर ओळी नऊ आहेत, तुम्ही श्वास आठच घेतले." गाळलेल्या ओळीत आमची दुपारची सुट्टी गेलेली होती! त्या दिवसापासून आमचा नियम झाला. कुठलाही कागद तीन वेळा, तीन वेगळ्या माणसांनी, सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचायचा. त्याआधी अंगठा नाही, सही नाही, कागद देवानं पाठवला तरी नाही. पुढं बाहेरच्या कंपनीनं आमचा कारखाना विकत घेतला आणि बंद केला, तेव्हाच्या कागदावर "स्वखुशीने" असा शब्द होता. तो आम्ही खोडायला लावला. कारखाना गेला. पण आम्ही खुशीनं गेलो असं कुणाच्या बापाला म्हणता येत नाही.

रविवारी सकाळी समाधाननं पेनाचं टोपण काढलं तसं मी पेन काढून घेतलं.

"वाच. मोठ्यानं."

"आई, इंग्रजी आहे."

"मग मराठीत सांगत जा. मला घाई नाही."

वाचलं त्यानं. मी राजीनामा देत आहे, हा निर्णय माझा आहे, कंपनीनं मला खूप काही शिकवलं, कंपनीबद्दल माझी काही तक्रार नाही, आभारी आहे. संपलं.

"ओळी सात आहेत. तू पाचच वाचल्यास."

"इंग्रजीत लांबतं, आई."

मला इंग्रजी येत नाही. मोजता येतं. आणि पोटच्या पोराचे कान कधी लाल होतात, तेही कळतं.

तेवढ्यात ऑफिसात त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणारा अवधूत आला. नारायण पेठेतला, सडपातळ, केकच्या अकरांपैकीच एक. सोमवारी दोघांनी बरोबर जायचं का, ते विचारायला आला होता. मी त्याला पाणी दिलं आणि हातात कागद दिला. "दुसरं वाचन तुझं."

बिचाऱ्याला आमचा नियम काय माहीत! भडाभडा वाचत गेला आणि तिसऱ्या ओळीवर अडला. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "काकू, तुम्हाला काय झालंय?"

"मला काय व्हायचंय?"

"यात लिहिलंय, माझी आई दीर्घकाळ आजारी असून तिच्या सेवेसाठी मला पूर्ण वेळ घरी थांबणं भाग आहे."

समाधान गॅलरीत निघून गेला.

मी आजारी! जिनं पिंपरीच्या गेटवर अकरा दिवस धरणं धरलं, जी अजून चार मजले गहू घेऊन चढते, ती अंथरुणाला खिळली आणि तिला पत्ता नाही! तात्याराव म्हणाले, "अगं, चेहरा जरा उतरलाच आहे तुझा." मी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. ते पेपरमागं गेले.

"तुझा कागद काढ," मी अवधूतला म्हटलं.

काढला, वाचला. शब्दाला शब्द तोच. त्याचीही आई दीर्घकाळ आजारी.

"आणि बाकीच्यांचं?"

"सगळ्यांना एकच नमुना दिलाय, काकू. फक्त रोहनचे वडील आजारी आहेत. त्याला आई नाही."

बघा, किती बारकाईनं काम! दहा आया आणि एक बाप, एकाच शुक्रवारी, एकाच मजल्यावरनं आजारी पडले. पुण्यात साथ आली आणि महापालिकेला खबर नाही. मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि हसू आलं ते थांबेना. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. दरवर्षी यांचा फॅमिली डे असतो, आई-वडिलांना बोलावतात, टोप्या वाटतात, आपण सगळे एक कुटुंब म्हणतात. नफा होतो तेव्हा कुटुंबाला टोपी, तोटा होतो तेव्हा कुटुंबातली म्हातारी आजारी पाडायची!

"अवधूत, तुझ्या आईला फोन लाव."

श्यामलाबाई शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "मी आजारी असते तर मला आधी कळवायला हवं होतं. किती वाजता निघायचं?"

समाधान गॅलरीतून ओरडला, "आई, कुठं निघायचं? आई, प्लीज! माझी इज्जत जाईल!"

"मला खाटेवर झोपवलंस तेव्हा नाही गेली? आता मी उठून चालणार, तर जाते?"

सोमवारी वैजनाथचा भाजीचा टेम्पो घेतला. वैजनाथ तात्यारावांचा जुना सोबती. रविवारी दिवसभर फोनाफोनी झाली होती, सात आया जमल्या, रोहनचे वडील जमले आणि आमची कौशल्या आली. तिला मूलबाळ नाही. "अगं, तू कशी आजारी?" विचारलं तर म्हणते, "तुमच्यातली एखादी खरंच आजारी पडली तर बदली म्हणून असू दे." संचेती पुलापर्यंत श्यामलाबाई ताठ बसल्या होत्या. औंधच्या पुढं खड्डा आला, आम्ही सगळ्या एकमेकींच्या मांडीवर गेलो, श्यामलाबाईंच्या अंबाड्यात कोथिंबिरीची काडी अडकली, आणि त्या शाळेतल्या मुलीसारख्या खिदळायला लागल्या. तात्याराव पुढं, टेम्पो चालवणाऱ्या वैजनाथशेजारी बसून वित्त भांडवल समजावत होते. वैजनाथ "हाय का नाय, हाय का नाय" करत मान डोलवत होता. त्याला टोमॅटोचा भाव पाडणारा अडत्या दिसत होता, आणि तसा तो काही चुकीचा नव्हता.

कंपनीचं गेट म्हणजे राजवाडा. सगळी काच. वॉचमन म्हणाला, "कुणाला भेटायचंय, मावशी?"

"ज्यांनी आम्हाला आजारी पाडलं त्यांना. सांग, पेशंट आलेत."

तो आत फोन करायला गेला, आणि आम्ही तिसरं वाचन केलं. श्यामलाबाईंनी चष्मा लावला आणि पाचवीच्या वर्गाला वाचून दाखवावा तसा कागद खणखणीत वाचला, आधी इंग्रजीत, मग मराठीत. "दीर्घकाळ आजारी" आलं की आम्ही सगळ्या मिळून म्हणायचो, "बऱ्या आहोत!" बसमधून उतरणारी पोरं थबकायला लागली. काचेमागं डोकी जमली. वॉचमनसुद्धा ठेकेदाराचा माणूस. तो हसू दाबायला पाठमोरा उभा राहिला.

एक पोरगी बसच्या खिडकीतून ओरडली, "काकू, प्रूफ काय?"

प्रूफ पाहिजे? मी चपला काढल्या. श्यामलाबाईंकडं बघितलं. त्यांनी चष्मा कौशल्याकडं दिला, पदर खोचला. पायाला पाय लावले, हातांचा तिढा घातला, आणि घातली फुगडी! साठीच्या आम्ही दोघी, हिंजवडीच्या गेटवर गरागरा. काच फिरली, बस फिरली, कंपनीचं नाव फिरलं, तात्याराव चार-चार दिसायला लागले आणि चारही टाळ्या वाजवत होते. चाळीस वर्षं मी नारायण पेठेवरून बसनं गेले. तिथल्या बाईचे हात असे घट्ट धरायला अमेरिकेतली बँक बुडावी लागली.

थांबलो तेव्हा समोर अस्मिता मॅडम. वयानं समाधानएवढीच, हातात फाइल, आवाज लोण्याचा. "आंटी, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. पण हा त्यांचा पर्सनल निर्णय आहे. मुलांना ऑकवर्ड होतंय."

"मी तुझी आंटी नाही, बाळ. मी तुझ्या कागदातली आजारी आई आहे."

तिनं मागं बघितलं. अकरा पोरं दारात येऊन उभी होती, समाधान सगळ्यांत पुढं, कारण मागच्यांनी त्याला ढकललं होतं. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "समाधान, तूच सांग. इट्स युवर डिसिजन, राइट?"

माझ्या डोक्यात अजून फुगडी फिरत होती, पण त्या वेळी सगळं एकदम थांबलं. आता मी बोलून उपयोग नव्हता. हा "हो" म्हणाला असता तर मी तिथंच आजारी, आणि तो आपल्या खुशीनं घरी. काचेमागची सगळी डोकी त्याच्याकडं बघत होती. त्यानं गळ्यातला पट्टा मुठीत धरला. कान लाल झाले.

"आई ठणठणीत आहे, मॅडम," तो म्हणाला. आवाज एवढा बारीक की मागच्या पोरांनी "काय?" विचारलं. मग जरा मोठ्यानं, "राजीनामा मी लिहिलेला नाही. काढायचं असेल तर तुम्ही काढा. आणि तुम्ही काढलं असं लिहून द्या."

अवधूतनं आपला कागद पुढं केला, तसाच, बिनसहीचा. मग रोहननं. मग एकेक करत सगळे. मॅडमचा रंग उडाला. बिचारीच्या फाइलमध्ये या गोष्टीचा नमुना नसावा. "मी वरती बोलून कळवते," म्हणून अकरा कागद गोळा करून आत गेल्या. पुढं काय होईल ते मला ठाऊक नाही. काढतीलही. पण काढलं असं त्यांना लिहावं लागेल. तात्याराव युनियनसाठी वहीत पोरांची नावं उतरवायला लागलेसुद्धा.

समाधान माझ्याजवळ आला. "आई, मी फार भित्रा आहे गं. युनियन-बिनियन माझ्यासारख्याचं काम नाही."

मी चपला घातल्या, त्याची कॉलर सरळ केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "भित्रा तर आहेसच, समाधान, त्यात वाद नाही. पण युनियन भित्र्यांसाठीच असते. शूराला काय करायचीय?"